गॅलरीतली साक्ष

चार वर्षांनी जेब आईच्या दारात आला, आणि आल्याआल्या रुमालाने खुर्ची पुसून मगच टेकला. आईने, कझाया ट्रँटरने, ते पाहिलं. वाम मासा सोलता सोलता ती म्हणाली, "पूस बाबा. राणीसरकार आत्ताच उठून गेल्यात तिच्यावरून."

जेबने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

लंडनमधल्या लॅम्बेथच्या या गल्लीत तो जेब होता. नदीपलीकडे, नाटकाच्या जाहिरातींवर, जस्पर मॉनफोर्ट. सहा वर्षांत पाच नाटकं, पाचही तुफान चालली. उमरावांच्या घरी त्याचं ताट मांडलेलं असायचं. तिथे कुणी घरच्यांची चौकशी केली, की आई आपल्या लहानपणीच वारली, असं तो सांगायचा. कझायाला हे बाजारात कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पुरली तरी बऱ्या जागी ना?"

पण त्याचं एकही नाटक तिने चुकवलं नाही. पहिल्या प्रयोगाला दुपारपासून मागच्या दाराशी रांगेत उभी राहायची आणि वरच्या गॅलरीतलं पुढचं बाक पकडायची. पडदा पडला की गॅलरी लेखकाला पुढे बोलावते. आवडलं तर टाळ्या, नाही तर हुर्यो. खालचे हिरे घातलेले लोक गॅलरीचा कल बघून मगच हात हलवतात. पाचही वेळा "लेखक, लेखक" ही पहिली हाक तिची होती. तीस वर्षं मासे विकताना कमावलेला गळा तो.

सहाव्या नाटकात जेबने हशा पिकवायला एक मासेवाली घातली. दारू पिऊन झिंगणारी, मुलाच्या मेजवानीत घुसून त्याची अब्रू घालवणारी. चौकड्यांची शाल, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. गॅलरीतल्या शेजारणींनी चोरून कझायाच्या मनगटाकडे पाहिलं. ती समोर बघत बसून राहिली.

त्या रात्री लेखक पडद्यापुढे आला आणि गॅलरीतून अशी हुर्यो उठली, की शेवटी दिवे मालवावे लागले. कझाया घरी आली तेव्हा तिचा घसा बसलेला होता. "लेकासाठी भांडलीस वाटतं लोकांशी," शेजारीण म्हणाली. कझायाने गरम पाणी मागितलं.

नाटक नऊ दिवसांत बंद पडलं. आमंत्रणं थांबली. थिएटरचे मालक त्याला बघून रस्ता बदलू लागले.

"हे सगळं क्रॅडॉकने केलं," जेब म्हणाला. क्रॅडॉक म्हणजे समोरच्या थिएटरचा नाटककार. "बिअर पाजून गॅलरीत माणसं पेरली. मी तसं वर्तमानपत्रात लिहिलं, तर त्याने माझ्यावरच बेअब्रूचा खटला भरला. परवा सुनावणी आहे. हरलो तर तुरुंग."

"मग माझ्याकडे काय?"

"गॅलरीतला साक्षीदार हवाय. तू तिथे असतेस, मला ठाऊक आहे. त्याच्या माणसाला बिअर वाटताना पाहिलं, एवढं सांग. फक्त तू माझी कोण, ते बोलू नकोस."

"मेलेल्या बाईची साक्ष चालते का रे कोर्टात?"

"आई, टोमणे नंतर मार." तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "त्या मासेवालीचं तुझ्या मनाला लागलं असेल. पण नाटक होतं ते."

तिने वामीच्या रश्श्याचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. तो इतका भुकेला होता, की टोपीसुद्धा न काढता खात सुटला.

"सावकाश. काटे असतात."

"येशील ना? बायबलवर हात ठेवावा लागेल."

"ठेवीन. मग खरं सांगावं लागेल."

"म्हणजे? क्रॅडॉकचा माणूस नव्हता तिथे?"

"त्याचं कुत्रंही नव्हतं." कझायाने हात एप्रनला पुसले आणि त्याच्यासमोर बसली. "माझी टवाळी केलीस याचं मला काही नाही, जेब. कोर्टातही हेच सांगीन. पण दोन तास बसले, एकदाही हसू आलं नाही. म्हणून पहिली हुर्यो मीच केली."