जबड्यावर पहारा

“रोग जबड्यात, आन् पाय कशापायी चिरला?”

महिपतीने तिसऱ्यांदा विचारलं. डॉ. ज्योत्स्नांनी तिसऱ्यांदा समजावलं. रतनबाईचं जबड्याचं हाड कॅन्सरने खाल्लं होतं. ते काढून तिच्याच पायातलं बारीक हाड वरच्या कातडीसकट तिथे बसवलं होतं, आणि त्याच्या शिरा मानेतल्या शिरांना जोडल्या होत्या. आता तोंडातली ती कातडी गुलाबी राहायला हवी; जांभळी पडली तर रक्त अडलं असं समजायचं.

महिपतीने मान डोलावली. पटलं काहीच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसाराची सोबतीण समोर मुकी पडली होती. गळ्यात नळी, पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज. आतलं हाड खरंच तोंडात गेलं, की दुसरीकडे? कामशेतच्या स्टँडवर एक जण म्हणाला होता, मोठ्या दवाखान्यांत हाडं विकतात.

पुरावा गोळा करायचा, असं त्याने ठरवलं. वडिवळ्याहून निघताना पुतण्याने मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं होतं. सकाळपासून दर अर्ध्या तासाला तो रतनबाईला ओठ बाजूला करायला लावी आणि आतला फोटो काढी. सिस्टर चैताली दर दोन तासांनी त्या कातडीला सुई टोचून रक्ताचा रंग तपासून जाई. ती सुई कुठे टोचते, कागदावर काय लिहिते, सगळं तो डोळ्यांत तेल घालून बघे. रतनबाई डोळ्यांनीच दटावी. तो ऐकत नव्हता.

साडेअकराचा फोटो काढला आणि तो ओरडला, “सिस्टर! आता घावलात तुमी! जांभळं पडलंय की हे!”

चैतालीने वाकून पाहिलं. सुई टोचली. काळपट रक्त आलं. ती धावतच बाहेर गेली.

डॉ. ज्योत्स्ना आल्या. महिपतीने भांडायच्या तयारीने मोबाईल पुढे केला. त्यांनी तो हातातून ओढूनच घेतला. अकराच्या फोटोत कातडी गुलाबी, साडेअकराच्या फोटोत कडेला जांभळी.

“शिरेत गुठळी झालीय. पण आत्ताच. वेळ आहे. थिएटर तयार करा!”

रतनबाईला आत नेलं. मोबाईलही डॉक्टरांबरोबर गेला. पुरावा लाटला, महिपतीच्या मनात आलं.

चारच्या सुमाराला डॉ. ज्योत्स्ना बाहेर आल्या. “गुठळी काढली. शीर पुन्हा जोडली. रंग परत आलाय. आणखी दोन तास गेले असते, तर सगळं काढून टाकावं लागलं असतं.”

त्यांनी मोबाईल पुढे धरला. महिपतीला तो घेववेना.

“बाई, खोटं न्हाई बोलत. हे फोटू तुमच्यावर केस घालाया काढलं व्हतं.”

“ठाऊक होतं मला, आबा. म्हणून तर सिस्टरला सांगितलं होतं, यांना खोलीतून हलवू नका. विश्वास ठेवणारे नातेवाईक डुलक्या काढतात.”