चाचणीपुरती स्क्रीन

“बाबा, तुम्हाला सगळीकडे नापास का करतात हो?” ‘विचारून दाखवच’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने विचारूनच टाकलं.

बाबा दमल्यासारखे हसले. “नशीब माझं, दुसरं काय!”

दुकानदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना सीनियर डिझायनर हवा असायचा. त्या आधी चाचणी म्हणून अख्खी स्क्रीन फुकटात करून मागायच्या, बाबा रक्त आटवून ती करायचे, आणि मग नकार यायचा. मागच्या वेळी तर थकलेल्या बिलांवर डोळे वटारणारं घुबड लेकीनेच काढून दिलं होतं. तरी नकारच! आता बाबा पुढच्या कंपनीची चाचणी घेऊन बसले होते.

तेवढ्यात शेजारी बसून दुकानाची बिलं करणारी आई खुदकन हसली. “अहो, आमचं सॉफ्टवेअर आज बदललंय. बघा तरी, थकलेल्या बिलावर कसलं घुबड डोळे वटारतंय!”

बाबा बघतच राहिले. बटणं त्यांची, रंग त्यांचे, घुबडही तेच.



लेकीने त्यांचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “आई, बाबा, माझं ठरलंय! या चाचणीत स्क्रीनभर नुसती घुबडंच काढून पाठवणार मी. चोरा म्हणावं आता!”