सोमवारचं मौन

"आई, उघडला पाहा तुमचा ब्लॉग, नऊ वर्षांनी," म्हणत सुनेने मोबाइल पुढे केला. सोमवार होता, दिवेलागणीपर्यंत सासूबाईंचं मौन. त्यांनी चष्मा लावला. शेवटची नोंदही सोमवारचीच, दुपारी लिहिलेली: 'एटापल्लीहून धाकट्या बहिणीचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. मन ढळलं नाही, देवाची कृपा.' त्या संध्याकाळी दिवा लावून फोन केला, तर रेंज नव्हती. पहाटे निरोप आला, धाकटी बाळंतपणात गेली. लिहिणं सुटलं. मौन मात्र सोडलं नाही. सोडलं असतं तर त्या दिवशीचंही उगाच ठरलं असतं. "आई, खाली कमेंट आहे." त्याच दुपारची, धाकटीची: 'बाई, मौन सुटलं का वं? मले लय भेव वाटून राह्यलं. तुझा आवाज आयकू दे.' अंगणात अजून ऊन होतं. मोबाइल तोंडाजवळ धरून त्या म्हणाल्या, "सुटलं, माय. बोल."