न मारलेली धामण

कागलात आमच्या आण्णांनी गोठ्यातली धामण मारली. म्हशीचं दूध तीच पिते, असा त्यांचा संशय. मग साप मारणं गुन्हा आहे असं कळलं, आणि ती मेलीच नाही असं घरात ठरलं. पण न मेलेल्या धामणीच्या वाटणीचे उंदीर महिन्याभरात घरभर झाले. पेपरात प्लेगच्या बातम्या. त्यात भरदुपारी पाळण्यातल्या नातीचा अंगठा उंदरानं कुरतडला, आणि नेमका तेव्हाच वनखात्याचा माणूस दारात.

“धामण मारली म्हणं?”

“न्हाय ओ. आमच्यात धामण कधी नव्हतीच की.”

आत नात पुन्हा किंचाळली. आण्णांनी घाम पुसला.

“सायेब, अर्ज लिवून घ्या. आमच्या गोठ्यात धामण कधीही नव्हती. तरी तिच्या रिक्त जागी दुसरी धामण तातडीने नेमण्यात यावी, ही नम्र विनंती.”