बंड्याने खाल्लेल्या गोळ्या

"किती गोळ्या गेल्या असतील पोटात?"

जनावरांच्या डॉक्टर मनाली मॅडमनी बंड्याच्या हिरड्या बघत विचारलं. बंड्या टेबलावर मान टाकून पडला होता. गंगापूर रोडवरच्या एकाही स्कूटरला भुंकल्याशिवाय जाऊ न देणारा हा कुत्रा, पण आज त्याला पाय टेकवत नव्हते.

"एखादीच असेल," ललिताबाई म्हणाल्या. "ह्यांची बीपीची. रोज नाश्ता झाला की मी हातावर ठेवते, हे माझ्यासमोर घेतात. आज खाली पडली असेल."

त्यांचे यजमान गोटीराम भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत राहिले. उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. खोटं बोलणारा प्रवासी त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचा. आज स्वतःचा चेहरा कुठं लपवावा, ते कळेना.

"एका गोळीने एवढं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगा. त्यावरच पुढचं ठरणार आहे."

बंड्याने डोळे किलकिले करून मालकाकडे पाहिलं. शेपटी जेमतेम हलवली. गोटीरामांचा धीर तिथंच सुटला.

"मूठभर असतील," ते पुटपुटले. "मी गालात धरायचो. ही आत गेली की सोफ्याच्या फटीत सारायचो. ह्यानं आज सगळ्या उकरल्या."

"आणि का म्हणे?" ललिताबाईंचा आवाज एकदम खाली आला होता.

"मला काय धाड भरलीय? धडधाकट माणूस मी. गोळी म्हातारे खातात."

मॅडमनी लगबगीने सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. ललिताबाई बंड्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाठ केली. गोटीराम कोपऱ्यात उभे. खुर्ची रिकामी होती, पण बसायची हिंमत झाली नाही.

दुपारी बंड्या उठला. झोकांड्या खात दारापर्यंत गेला आणि बाहेरच्या स्कूटरवर एकदाचा भुंकला. गोटीरामांनी उपरण्याने डोळे पुसले.

"वाचला," मॅडम हसल्या. "पण आजी, औषधं ह्यापुढे वरच्या कपाटात, कुलपात ठेवा. आणि बंड्याला मी देते ती गोळी देताना समोर उभं राहून, तोंड उघडायला लावून बघा, गिळली का ते."

"बघते ना," ललिताबाई उठल्या. "पण बंड्याचं नाही हो बघायची. तो बिचारा दिलेलं गिळतो तरी!"