अकरावा ठिपका

रंगूबाईच्या विहिरीच्या कठड्यावर गेरूचे अकरा ठिपके होते. एका मासोळीला एक.

चैत्रात गावाने श्रमदानातून तलावाचा गाळ काढायला घेतला, तेव्हा शेवटच्या डबक्यात अकरा मरळ उरल्या होत्या. बियाणं म्हणून त्या रंगूबाईच्या विहिरीत सोडल्या. उन्हाळाभर पाणी टिकवणारी तेवढी एकच विहीर. गळ्यात माळ घालणाऱ्या रंगूबाईने नाकाला पदर लावून होकार दिला होता. आणि मासोळ्या घागरीतून आणणाऱ्या तांड्यावरच्या हिरीबाईला बजावलं होतं, "एकही कमी भरली, तं तांड्याच्या घागरी इथं बंद."

आता तलाव भरला होता. हिरीबाईचा नवरा रतनसिंग विहिरीत उतरून टोपलं वर पाठवत होता. हिरीबाई मासोळी घागरीत सोडत होती. रंगूबाई बोट ओलं करून एकेक ठिपका पुसत होती. श्रमदानाचा पुढारी उकंडराव बाजूला उभा राहून या सगळ्यांवर लक्ष ठेवत होता. गाळ काढतानाही त्याने हेच काम केलं होतं.

"न्या व तुमची घाण लवकर," रंगूबाई म्हणाली. "तीन महिने झाले, पाण्याले वास येऊन राह्यला."

पाण्याला वास नव्हता. उलट त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. पण तसं बोलून दाखवणाऱ्यांतली रंगूबाई नव्हे.

दहा झाल्या. अकरावी येईना. रतनसिंगने बराच वेळ बुड्या मारल्या, मग धोतर पिळत वर आला.

"नाई सापडत, माय. साऱ्या कपारी चाचपल्या."

"सापडन कशी?" उकंडराव म्हणाला. "तांड्यावर कालवण झालं असन तिचं." आणि हसला. एकटाच हसला.

हिरीबाईने घागर खाली ठेवली. "सेवाभायाची आण, माय. तुमी पाणी देल्लं म्हणून आमची लेकरं जगली. तुमची मासोळी खाऊ आमी?" बोलता बोलता तिची नजर रहाटावरच्या दोराकडे गेली. तांड्याला दुसरं पाणी दीड कोसावर होतं.

रंगूबाईने कठड्याकडे पाहिलं. एक ठिपका शिल्लक होता. तिने बोट ओलं केलं आणि तो पुसला. चांगला घासून पुसला.

"अकरा झाल्या," ती म्हणाली.

"दहा हायेत, वहिनी. मी मोजल्या."

"तुमी? मांगच्या पोळ्याले सोमलाचा बैल आपला म्हणून घरी नेऊन बांधला होता तुमी. त्याची पूजा बी झाली होती. मले मोजणं शिकवता? दाखवा बरं, एक तरी ठिपका दिसते काय?"

उकंडरावाने कठडा पाहिला. ठिपका नव्हता. त्याने टोपी सारखी केली आणि तलावाची वाट धरली.

हिरीबाई पाया पडायला वाकली. रंगूबाई दोन पावलं मागे सरली. "हात नको लावू व. मासोळीचे हात हायेत तुहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरीबाई घागर घेऊन आली, तेव्हा रंगूबाई कठड्यावर ओणवी झाली होती. तिच्या मुठीत भाकरीचा चुरा होता.

"ये व माय," ती विहिरीत बोलत होती. "आता एकलीच हायेस. खाय पोटभर."

कपारीजवळचं पाणी हललं. एक काळं तोंड वर आलं, चुरा गिळून खाली गेलं.

हिरीबाई होती तिथेच थांबली. मग पायांतले वाळे वाजू न देता वळसा घालून पलीकडच्या रहाटाशी गेली, आणि तिने बादली सोडली. दोर दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू.