एका रेषेत

बाबांचे हात आता थरथरायचे, म्हणून जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाला हवा पुरवणाऱ्या दोन्ही थ्रॉटल बॉडी जुळवायला थोरली लेकच बसली. नवी नोकरी चौदा किलोमीटरवर होती आणि सोमवारपासून याच गाडीने जायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तेल भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोकं तिने दोन्हींना जोडली आणि इंजिन सुरू केलं. तेल लगेच एका बाजूला चढलं.

"बघ, एकाला जास्त, दुसऱ्याला कमी," शेजारी स्टुलावर बसलेले बाबा समजावू लागले. "दोन्ही सिलिंडरना हवा सारखीच मिळायला हवी, पोरी. केसाएवढा जरी दुजाभाव केलास, तरी इंजिन आतून खिळखिळं होतं."

तिने श्वास रोखून स्क्रू हळूहळू फिरवला. तेल दोन्हीकडे एका रेषेत आलं आणि इंजिनाची धडधड एकसारखी झाली.

"शाब्बास! असा हात माझासुद्धा नव्हता," म्हणत बाबांनी गाडी बंद करून चावी काढली आणि आत पलंगावर लोळत पडलेल्या धाकट्याला हाक मारली.



"ये रे, तुझी गाडी झाली तयार! आणि जमेल तेव्हा ताईला बसस्टॉपपर्यंत सोडत जा."